वळणारच ना तो!

ऑपेरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खरं सांगा हं! डोक्यावर शिंगांचं हेल्मेट घातलेली, काच तडकेल अशा आवाजात गाणारी भरभक्कम बाई? की ‘दिल चाहता है’? २००१ च्या त्या सिनेमात आमिर आणि प्रीती सिडनीत ऑपेरा बघायला जातात. स्टेजवर ट्रॉयलस आणि क्रेसिडाची गोष्ट चालू असते आणि इकडे खुर्चीत बसल्या बसल्या आमिरसाहेबांना साक्षात्कार होतो, की आपण पुरते प्रेमात पडलोय. आपल्यापैकी निम्म्या जनतेचं ऑपेराचं शिक्षण तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

उरलेल्या निम्म्यांसाठी ऑपेरा हाऊस हा चर्नी रोडचा बसस्टॉप! त्या स्टॉपला नाव देणारी इमारत मात्र खरीखुरी आहे. बांधकाम चालू असतानाच १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पुढे तिथे सिनेमे लागले, १९९० च्या दशकात ती बंद पडली आणि २०१६ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडली. तेव्हा गायल्या होत्या मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. पण आम्ही पडलो मुलुंडकर. आमच्यासाठी चर्नी रोड म्हणजे दादरला गाडी बदलून जायचं परगाव. त्यामुळे ऑपेरा आमच्याकडे आला तो थेट हॉलमधल्या टीव्हीवर, मटार सोलता सोलता.

त्याचं सगळं श्रेय माझ्या मैत्रिणीला. ती बोरिवलीच्या आयसी कॉलनीत राहते, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाते आणि सोमवार ते शुक्रवार मालाडला एक्सेल शीट्स भरते. गेली चार वर्षं ती माझ्या मागे लागली होती, ‘लॉर्फेओ’ ऐक म्हणून. क्लॉदिओ माँतेव्हेर्दी नावाच्या संगीतकाराचा हा ऑपेरा. पहिला प्रयोग २४ फेब्रुवारी १६०७, इटलीतल्या मांतुआच्या राजवाड्यात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २३ वर्षं आधी! हा जगातला पहिला ऑपेरा नाही, पण आजही नेमाने रंगमंचावर येणाऱ्या ऑपेरांमधला हा सगळ्यात जुना. काळ बरोक. हा शब्द परका वाटत असेल तर गोव्याची ट्रिप आठवा. ज्याच्यासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत ते जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च १६०५ सालचं, याच वळणाचं.

‘अगं, तुमचं संगीत नाटकच आहे ते,’ मैत्रीण म्हणायची, ‘फक्त इटालियन!’

नेमकी हीच माझी अडचण होती. आमच्या घरात संगीत नाटक हा विषय दोन वर्षं बंद होता.

कालिदास ते माळा

माझे बाबा बँकेत होते, पण मनाने कायम नाट्यगृहात. मुलुंडच्या कालिदासला ‘सौभद्र’चा प्रयोग लागला की त्या दिवशी आमच्या घरात सणाचं वातावरण. तिथे हुकलं तर पार्ल्याचं दीनानाथ, नाहीतर बोरिवलीचं प्रबोधनकार. मध्य रेल्वेवाल्या माणसाने नाटकासाठी बोरिवलीला जायचं म्हणजे काय ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. त्यांच्या कॅसेट्स एका पत्र्याच्या पेटीत होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात नाटक, गायक आणि साल. २०२३ च्या जुलैत ते अचानक गेले. पेटी माळ्यावर गेली. आईने ना त्यातलं काही ऐकलं, ना कधी गुणगुणली.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. घर रिकामं करायचंय. हॉलमध्ये खोक्यांच्या दोन रांगा लागल्या, ‘न्यायचं’ आणि ‘देऊन टाकायचं’. पत्र्याची पेटी आईने स्वतःच्या हाताने दुसऱ्या रांगेत ठेवली. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

त्याच रविवारी मैत्रीण मदतीला आली. जेवणानंतर तिने टीव्हीला फोन जोडला आणि ‘लॉर्फेओ’ लावला. आई मटाराची परात घेऊन बसली होती. मला वाटलं, पाच मिनिटांत उठून जाईल.

सुरुवातीलाच कर्णे आणि ढोल! छोटासा तुकडा. तो संपला, पुन्हा तोच. मग पुन्हा तोच. मैत्रिणीने सांगितलं, की माँतेव्हेर्दीने छापील नोटेशनमध्येच लिहून ठेवलंय, पडदा वर जाण्याआधी हा तुकडा तीनदा वाजवायचा.

‘झाली तिसरी घंटा,’ आई परातीतून मान वर न करता म्हणाली. ‘आता मोबाइल बंद करा म्हणतील.’

मग एक पात्र एकटंच पुढे येतं आणि आपली ओळख करून देतं, मी म्हणजे संगीत, आणि आज तुम्हाला ऑर्फियसची गोष्ट सांगणार आहे. ‘नांदी आणि सूत्रधार एकातच उरकले होय!’ आईने आता चष्मा लावला.

खरंच, सारखेपणा गमतीचा आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या फ्लोरेन्सला काही कवी, विद्वान आणि गवई जमायचे. त्यांच्यात गॅलिलिओचे वडीलही होते. त्यांचं म्हणणं, प्राचीन ग्रीक नाटकं गाऊन सादर व्हायची, आपणही तशी करू या. त्या ग्रीक गाण्यांच्या चाली कुणाकडेच नव्हत्या. त्यामुळे गेले जुनं शोधायला आणि हाती लागलं ते नवंकोरं. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं गाण्यांचं नाटक पाहिलं आणि हे आपल्या भाषेत का नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी कालिदासाचं शाकुंतल मराठीत, पदांसकट उभं केलं. ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे. दोन वर्षांनी आलं ‘सौभद्र’, शंभराहून जास्त पदांचं. दोन्हीकडे राजे-देव-पुराण, दोन्हीकडे बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं ते कळू नये अशी बांधणी. मांतुआतल्या त्या पहिल्या प्रयोगात बायकांच्या भूमिकाही पुरुष गायकांनीच केल्या असं मानतात. त्यातले काही ‘कास्त्राती’, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच शस्त्रक्रिया केलेले.

‘आमच्या भाऊराव कोल्हटकरांना आणि बालगंधर्वांना निदान तसलं काही नव्हतं,’ आई म्हणाली. मैत्रीण इतकी हसली, की मटार सांडले. दोन वर्षांत आईच्या तोंडून बालगंधर्वांचं नाव निघालं ते त्या दिवशी.

निरोप

आता थोडक्यात गोष्ट. ऑर्फियस हा गायक. इतका भारी, की झाडं आणि दगडसुद्धा त्याचं ऐकतात. त्याचं युरिडिसीशी लग्न झालंय. पहिला अंक म्हणजे निव्वळ लग्नघर, नाच, गाणी, मित्रमंडळींचा धिंगाणा. दुसऱ्या अंकातही तेच चालू असतं, आणि मध्येच एक बाई येते. सिल्व्हिया, युरिडिसीची मैत्रीण. आनंदाची वाद्यं थांबतात. आणि ती सांगते, की हारासाठी फुलं वेचताना युरिडिसीच्या पायाला साप चावला. ती गेली.

गंमत बघा, एवढा मोठा प्रसंग रंगमंचावर दाखवलेलाच नाही. मृत्यू दिसत नाही, निरोप दिसतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे बरोबर ठाऊक होतं, की आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला निरोपच येतो. मी तेव्हा अंधेरीत एका कॅफेत मुलाखत घेत होते. समोर कोल्ड कॉफी, रेकॉर्डर चालू. शेजारच्या काकूंचा फोन आला. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कॅफेचं हॅपनिंग म्युझिक तसंच वाजत राहिलंय.

सिल्व्हिया जाताना म्हणते, की असली बातमी आणणाऱ्या माझं तोंडसुद्धा कुणी बघू नये, मी आता गुहेत एकटी राहीन. आई मटार सोलायची थांबली. ‘बिचारी! तिचा काय गं दोष?’ आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारच्या काकू कितीतरी महिने आमच्याशी नजर चुकवून लिफ्टमधून उतरायच्या. त्याचं कारण आम्हाला त्या क्षणी कळलं, मुलुंडमध्ये, एका इटालियन बाईकडून.

ऑर्फियस ठरवतो, की पाताळात जायचं आणि तिला घेऊन यायचं. वाटेत नदी, नदीवर कॅरॉन नावाचा नावाडी. तो जिवंत माणसाला पलीकडे नेत नाही. ऑर्फियस त्याच्यासमोर आयुष्यातलं सगळ्यात अवघड गाणं गातो. या गाण्यासाठी माँतेव्हेर्दीने दोन ओळी छापल्यात, एक साधी आणि एक नक्षीदार ताना-हरकतींची. आणि कॅरॉनवर परिणाम काय? गाणं छान आहे म्हणतो, पण नियम म्हणजे नियम. अगदी खिडकीमागचा क्लार्क! पुढे त्याला झोप लागते आणि ऑर्फियस गुपचूप नाव काढून वल्हवत निघतो. आई म्हणाली, ‘लंच टाइम झाला असेल त्याचा.’

पाताळात मात्र राणी प्रोसर्पिना विरघळते आणि नवऱ्याला, म्हणजे प्लूटोला, गळ घालते. प्लूटो तयार होतो. एकाच अटीवर. युरिडिसी मागून येईल, पण पाताळाच्या बाहेर पडेपर्यंत मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही.

अट

ही अट ऐकल्यावर माझ्या हातातला कप तसाच राहिला.

बाबांना अग्नी मी दिला. एकुलती एक मुलगी, दुसरं कोण देणार? खांद्यावर पाण्याचं मडकं. प्रत्येक फेरीला त्याला भोक पाडतात, पाणी मागे सांडत जातं आणि शेवटी मडकं खांद्यावरून मागे टाकायचं. न बघता. ते फुटल्याचा फक्त आवाज येतो. मग गुरुजी म्हणाले, ‘आता सरळ चालत जायचं. गेटच्या बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, बाळ.’ आम्ही सगळे चालत राहिलो. ते बहुधा पन्नास पावलांचं अंतर असेल.

ग्रीस कुठे, इटली कुठे आणि मुलुंडची स्मशानभूमी कुठे! पण अट तीच.

टीव्हीवर ऑर्फियस निघाला. सुरुवातीला एकदम जोशात, आपल्याच वाद्याचं कौतुक करत, चालीत पावलांचा ठेका. मग हळूहळू त्याच्या मनात शंका. ती येतेय ना मागे? प्लूटोने फसवलं तर नसेल? मागून कसलातरी मोठा आवाज होतो. तिला कुणी ओढून तर नेत नाहीये? आणि तो वळतो. युरिडिसी दिसते, जेमतेम दोन-चार ओळी गाते आणि नाहीशी होते. मग पाताळातल्या आत्म्यांचं समूहगान, ऑर्फियसने पाताळ जिंकलं, पण तो स्वतःच्या भावनांकडून हरला. एकूण सूर असा, की बघा, ताबा सुटला की असं होतं.

मैत्रिणीने हळूच आईकडे पाहिलं. आई शांत होती. मग म्हणाली, ‘वळणारच ना तो! ती येतेय की नाही हे कळायला दुसरा मार्ग काय होता त्याच्याकडे? तो गातोय. गाणाऱ्या माणसाला मागची पावलं कशी ऐकू येणार?’

मला वाटतं, चारशे वर्षांत त्या समूहगानाला इतकं सरळ उत्तर कमी लोकांनी दिलं असेल.

आपण सगळे सध्या त्या समूहगानाच्या बाजूचे आहोत. ‘मूव्ह ऑन’ हा आपला राष्ट्रीय सल्ला आहे. ब्रेकअप झालं, मूव्ह ऑन. नोकरी गेली, मूव्ह ऑन. आईवडील गेले, तेराव्याच्या जेवणात कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगतंच, ‘आता पुढे बघायचं.’ मग सेल्फ-हेल्पची पुस्तकं, ‘क्लोजर’ वगैरे. लोक वाईट हेतूने नाही बोलत. पण दोन वर्षं आम्ही दोघी एकाच घरात, एकाच गेटपासून सरळ चालत होतो, मान न वळवता. पेटी माळ्यावर, आई गप्प, मी कामात.

आणि त्या रविवारी मला त्या अटीतला एक शब्द पहिल्यांदा ऐकू आला. ‘पर्यंत’. प्लूटो म्हणाला, पाताळातून बाहेर पडेपर्यंत. गुरुजी म्हणाले, गेटच्या बाहेर पडेपर्यंत. दोघांनीही मुदत दिली होती! उजेडात पोचल्यावर ऑर्फियस हवं तितकं वळून बघू शकला असता. अट पन्नास पावलांची असते. तिची जन्मठेप नंतर बाकीचे लोक करतात, आणि बऱ्याचदा आपण स्वतःच.

आपले ऑर्फियस

ऑपेरा संपल्यावर चहा झाला आणि चर्चा रंगली. आईचा मुद्दा, की आमची सावित्री बघा. ती यमाच्या मागून चालते आणि तिथे उलटाच प्रकार. यमच तिला सारखा सांगतो, मागे फिर, परत जा. ती फिरत नाही, बोलत राहते, आणि बोलून बोलून नवरा परत मिळवते. मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे ऑर्फियसने गाण्याऐवजी वाद घालायला हवा होता!’

रात्री मी शोधायला बसले तर महाभारताच्या आदिपर्वात रुरु भेटला. त्याचं प्रमद्वरेशी लग्न ठरलेलं. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर खेळताना तिचा पाय सापावर पडतो आणि ती मरते. रुरु रानात जाऊन शोक करतो. देवदूत येतो आणि उपाय सांगतो, तुझं अर्धं आयुष्य तिला दे. रुरु देतो. ती उठून बसते, जणू झोपेतून. साप तोच, मैत्रिणी तशाच, लग्नघर तसंच. पण इथे अट नाही, हिशोब आहे. सरळ पन्नास-पन्नास टक्के!

आणि शेवट? ‘लॉर्फेओ’चे शेवट दोन आहेत. १६०७ मध्ये छापलेल्या संहितेत ऑर्फियसवर चिडलेल्या, बेभान बायका येतात आणि तो पळतो. १६०९ मध्ये संगीतासकट पुस्तक छापलं, त्यात अपोलो आकाशातून उतरतो आणि त्याला स्वर्गात घेऊन जातो. तिथे ताऱ्यांमध्ये तुला ती दिसेल म्हणतो. दीडशे वर्षांनी, १७६२ साली, ग्लुक नावाच्या संगीतकाराने हीच गोष्ट घेतली. त्याच्या ऑपेरात प्रेमाचा देव युरिडिसीला चक्क परत जिवंत करतो. प्रत्येक पिढी या गोष्टीच्या शेवटाशी झटापट करत आलीये. कारण खरा शेवट कुणालाच सोसत नाही.

खुद्द माँतेव्हेर्दीलाही सोसावा लागलाच. पहिला प्रयोग फेब्रुवारीत झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची बायको क्लॉदिया गेली. ती स्वतः दरबारी गायिका होती. म्हणजे बायको गमावलेल्या माणसाचं रडणं त्याने आधी लिहिलं आणि मग जगला. पुढच्याच वर्षी त्याने आणखी एक ग्रीक गोष्ट घेतली, आरियाना, प्रियकराने बेटावर सोडून दिलेली बाई. नायिकेसाठी निवडलेली अठराएक वर्षांची गायिका प्रयोगाआधीच देवीच्या साथीत वारली. त्या ऑपेराचं संगीत आज हरवलंय. उरलाय एकच तुकडा, आरियानाचा विलाप. तो तेवढा माँतेव्हेर्दीने पुन्हा पुन्हा वापरला, वेगळा छापला. अख्ख्या ऑपेरातलं काय टिकलं, तर ज्याच्याकडे तो स्वतः वळून वळून बघत राहिला ते.

तुम्हाला ऐकायचा असेल तर एक टीप. ‘लॉर्फेओ’ पावणेदोन तासांच्या आसपास संपतो. जाताना अर्धा, येताना अर्धा, बोरिवली-चर्चगेट स्लोवाल्यांचं गणित आरामात जमतं. इटालियन येत नाही म्हणून अडत नाही. गोष्ट माहीत झालीच आहे. दुसरा अंक मात्र गर्दीत ऐकू नका. सिल्व्हिया येते तेव्हा विक्रोळीला आपण का रडतोय हे शेजारच्या माणसाला सांगता येत नाही. अनुभवाचे बोल!

आमच्या घरची बातमी एवढीच. सोमवारी सकाळी उठले तर पत्र्याची पेटी ‘न्यायचं’च्या रांगेत होती. आईने तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चहा देताना फक्त विचारलं, ‘कॅसेट प्लेअर दुरुस्त करणारं अजून कुणी बसतं का गं लॅमिंग्टन रोडला?’